डोव्होचा ५/८ वस्तरा: शिकाऊ हातासाठी कसा आहे?

सलूनमध्ये आज जो वस्तरा दिसतो त्यात ब्लेडचं अर्धं पातं अडकवलेलं असतं. दर गिऱ्हाइकामागे नवं पातं, आणि सलूनसाठी तेच योग्य. हे परीक्षण मात्र अखंड पोलादी पात्याच्या वस्तऱ्याचं आहे. तो रोज चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा, काही महिन्यांनी सहाणेवर, म्हणजे धारेच्या दगडावर, लावायचा आणि नीट सांभाळला तर पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा. विशी-पंचविशीतली बरीच मुलं हल्ली घरी तो शिकू पाहतात. पहिला कोणता घ्यावा, असं विचारलं की हमखास पुढे येणारं नाव म्हणजे डोव्होचं ‘बेस्ट क्वालिटी’ मॉडेल. निकाल आधीच सांगतो: वस्तरा चांगला आहे, शिकायला योग्य आहे, पण नुसता तो विकत घेऊन दाढी जमत नाही. सोबत पट्टा लागतो. त्याहून जास्त गरज लागते ती खरी धार गालावर कशी लागते हे दाखवून देणाऱ्या माणसाची.

डोव्हो ही जर्मनीतल्या झोलिंगन गावची, १९०६ सालची कंपनी. झोलिंगनचा पात्यांचा धंदा त्याहून कितीतरी जुना. वुपर नदीच्या पाण्यावर चाकं फिरवून पाती घासायच्या तिथल्या कार्यशाळांपैकी विपरकोटन आणि बाल्कहाउझर कोटन आजही पाहता येतात आणि ग्रेफ्राथ भागात पात्यांचं स्वतंत्र संग्रहालय आहे. घेणाऱ्याच्या कामाची गोष्ट अशी की ‘झोलिंगन’ हे नाव १९३८ पासून जर्मन कायद्याने राखीव आहे. पातं घडवण्याची मुख्य कामं त्या परिसरात झाली असतील तरच ते नाव कोरता येतं. ‘जर्मन स्टील’ एवढंच कोरलेल्या वस्तऱ्याला हे बंधन नाही. तेव्हा पात्याच्या मानेवर, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधल्या अरुंद भागावर, काय कोरलंय ते नीट वाचा.

या मॉडेलची रुंदी ५/८ इंच, म्हणजे १६ मिलिमीटरच्या जवळपास. वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. शिकाऊ हाताला ५/८ बरा पडतो. ४/८ फार अरुंद असल्याने फेस लगेच भरतो आणि दर दोन हातांनी, म्हणजे दोनदा ओढला की, पुसावं लागतं. ७/८ चं रुंद पातं नाकाखाली शिरवताना धार नेमकी कुठे टेकली ते दिसत नाही. टोक गोल आहे आणि नव्या माणसाने ते गोलच घ्यावं. चौकोनी टोकाचा अणकुचीदार कोपरा कानाची पाळी आणि नाकपुडी पहिल्याच आठवड्यात टिपतो. पोलाद कार्बनचं आहे. त्याची धार सहाणेवर लवकर बसते, पण ते ओलं राहिलं की गंजतं. मुठीच्या दोन पट्ट्या काळ्या प्लास्टिकच्या. दिसायला साध्या, पण पाण्याने फुगत नाहीत आणि तडकत नाहीत. पहिल्या वस्तऱ्याला लाकडाची किंवा शिंगाची मूठ नकोच.

पात्याच्या दोन्ही बाजू आत खोलगट घासलेल्या आहेत. त्यामुळे पातं पातळ होतं आणि केस कापताना स्वच्छ ऐकू येईल असा खरखर आवाज देतं. शिकणाऱ्यासाठी हा आवाज म्हणजे मोठी सोय. धार केस कापते तेव्हा तो एकसारखा येतो, कोन चुकला की खरवडल्यासारखा होतो आणि फेस सुकला की मंदावतो. जाड, पाचरीसारख्या पात्यातून असा इशारा मिळत नाही. पातळ पात्याची दुसरी बाजू अशी की दाब दिला की धार वाकते. सेफ्टी रेझर किंवा कार्ट्रिजची सवय असलेला हात नकळत दाबतोच, त्यामुळे पहिले काही आठवडे मुख्य काम दाब सोडण्याचं असतं.

आता धारेचं. नव्या वस्तऱ्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. कारखान्यातून निघालेली धार, कुठल्याही कंपनीची असो, दाढीला तयार असेलच असं धरून चालू नये. काही दुकानदार वस्तरा पाठवण्यापूर्वी सहाणेवर लावून देतात आणि तसं लिहितात. ते लिहिलेलं नसेल तर धार लावून घेण्याचा खर्च किमतीत आधीच धरा. पार्सल आल्यावर धारेवरून बोट फिरवू नका. दिव्याखाली धार थेट डोळ्यांकडे करून बघा. चांगली धार प्रकाश परतवत नाही, ती दिसतच नाही. जिथे पांढरा ठिपका चमकतो तिथे कपरा, म्हणजे टवका, आहे किंवा धार बोथट आहे. मग हाताच्या केसांवरून पातं कातडीपासून जरा वर धरून फिरवा. टाचेपासून (पात्याच्या मानेकडच्या बाजूपासून) टोकापर्यंत सगळीकडे केस सहज तुटले पाहिजेत. मध्ये कापतो आणि टाचेकडे नुसता सरकतो, असं झालं तर काम अर्धवट आहे.

एवढं तपासूनही नवशिक्याची खरी अडचण सुटत नाही. वस्तरा ओढतोय, गाल जळतोय. यात दोष धारेचा, हाताचा, फेसाचा की पट्ट्याचा? चारही गोष्टी नव्या असल्याने त्याला ते कळण्याचा मार्गच नसतो. म्हणून तो महिनाभर हात सुधारत राहतो आणि धार मुळातच नसते. किंवा उलट, तीन वेळा धार लावून आणतो आणि पट्ट्यावर रोज स्वतःच ती मोडत असतो. अनेकांचा वस्तरा कपाटात जातो तो इथेच. यातून सुटायचं तर एक तरी गोष्ट पक्की हवी, आणि सर्वात सोपी पक्की करता येणारी गोष्ट म्हणजे धार: जाणत्या माणसाने लावलेली, त्याने स्वतःच्या दाढीवर तपासलेली.

अशी माणसं सापडतात. वस्तऱ्याचा नाद असलेले लोक नवख्याच्या बाबतीत मोकळ्या हाताचे असतात. कोणी आपला जादाचा वस्तरा महिनाभर वापरायला देतो, कोणी फक्त कुरियरचा खर्च घेऊन धार लावून देतो, रविवारी चार जण जमले की सहाणा आणि पट्टे टेबलावर येतात. तिथे शिकायची पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न नेमका विचारणं. ‘दाढी नीट होत नाही’ यावर कोणी काही सांगू शकत नाही. कुठला वस्तरा, धार कोणी आणि कधी लावली, पट्ट्यावर किती फेरे, सुलटी दाढी की उलटी, ओढतो तो गालावर की हनुवटीवर आणि पात्याच्या कोणत्या भागाने, एवढं सांगितलं की उत्तर बहुधा दोन वाक्यांत मिळतं. पट्ट्यावरचा हात तर समोर करूनच दाखवावा. तिथली चूक बघणाऱ्याला लगेच दिसते, करणाऱ्याला दिसत नाही.

आपल्याकडे आणखी एक दार उघडं आहे आणि मुलं ते विसरतात. गावात किंवा जुन्या पेठेत साठीच्या पुढचे सलूनमधले कारागीर असतील तर त्यांच्यापैकी कित्येकांनी उमेदीची वर्षं अखंड पात्याच्या वस्तऱ्यावर काढली आहेत. गर्दी नसलेल्या दुपारी जा, आपली दाढी करून घ्या, पैसे द्या आणि मग विचारा, “काका, पट्ट्यावर हात कसा फिरवायचा, एकदा दाखवता का?” मनगटाची ती लय वाचून येत नाही. गाल कुठे ताणायचा, मान कुठे वळवायची, हेही त्यांच्या हाताकडे पाहूनच कळतं.

उसन्या वस्तऱ्याबाबत एक गोष्ट ठामपणे. रक्तातून पसरणारे आजार पात्यावरून पसरू शकतात. दुसऱ्याचा वस्तरा आला की आधी साबणाने धुवा, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पातं, मान आणि मुठीची आतली बाजू पुसून पूर्ण वाळू द्या. चेहऱ्यावर जखम किंवा फुटलेली पुटकुळी असेल तर उसना वस्तरा लावूच नका. देणाऱ्यानेही परत आल्यावर हेच करावं.

पट्ट्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: पहिला पट्टा स्वस्त घ्या. पहिल्या काही आठवड्यांत तो कापला जाणारच. रुंदी अडीच ते तीन इंच असावी. दोन इंची पट्ट्यावर पातं तिरकं सरकवत न्यावं लागतं, ते नव्याला जड जातं. एका बाजूला कापड आणि दुसऱ्या बाजूला चामडं असलेला पट्टा खिळ्याला अडकवून ताणून धरा. सैल पट्ट्यावर धार गोल होते. कणा (धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड) आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेली हवीत, आणि पातं कण्याच्या दिशेने सरकवायचं, म्हणजे कणा पुढे, धार मागे. टोकाला पोचलात की थांबा, कणा चामड्यावरच ठेवून पातं त्याच्यावर पलटा आणि मग परत या. पट्टा कापला जातो आणि धार मोडते ती न थांबता पलटण्याच्या घाईत, कारण हात उलट दिशेने निघालेला असतो आणि धार अजून खाली वळतेय. दाढीआधी कापडावर ३० आणि चामड्यावर ६० फेरे हे चालणारं माप आहे. जाऊन येऊन एक फेरा धरा. वेग काही महिन्यांनी आपोआप येतो. आधी तो आणायला गेलात तर धारच बिघडते.

दाढीची तयारी. अंघोळीनंतर लगेच, किंवा गरम पाण्यात भिजवलेला टॉवेल दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर धरून. केस पाणी पितात तसे मऊ होतात. फेस ब्रशने करा. डब्यातला तयार फोम लवकर सुकतो आणि वस्तऱ्याला घसरण देत नाही. ब्रश साबणावर अर्धा मिनिट फिरवून मग वाटीत थोडं थोडं पाणी घाला. दह्यासारखा ओला, चकचकीत फेस हवा. त्यात बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं, आणि गालावर चुन्यासारखा पांढरा बसला तर कमी. बोअरच्या जड पाण्यात साबण फुटून त्याचा चोथा होतो, मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी हाच त्रास. तिथे फेसापुरतं अर्धी वाटी आरओ फिल्टरचं पाणी घ्या, काम झालं.

धरायची पद्धत: तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका मानेच्या वरच्या बाजूला, अंगठा खालून, करंगळी मानेमागच्या वळलेल्या शेपटीवर, मूठ वर उघडलेली. पातं आधी गालावर सपाट टेकवा, मग कण्याच्या जाडीच्या एक ते दीड पट फट पडेल इतका कणा उचला. पात्याचा गालाशी कोन २५ ते ३० अंशांच्या आसपास येतो. रिकाम्या हाताने कातडी घट्ट ताणा, शक्यतो वस्तरा जाणार त्याच्या विरुद्ध दिशेला. हात छोटा, दीड-दोन इंचांचा, सरळ खाली. धारेच्या लांबीच्या दिशेने वस्तरा कधीही सरकू देऊ नका. सुरीने टोमॅटो कापताना जे होतं तेच कातडीचं होईल.

पहिल्या दाढीला फक्त दोन गाल, कानाच्या कल्ल्यापासून जबड्याच्या हाडापर्यंत, सुलट दिशेने, एकच हात. उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने करा, त्यात कमीपणा नाही. हे आठवडाभर बिनरक्ताचं जमलं की जबड्याखाली उतरा. मानेवरचे केस बहुतेकांचे सरळ नसतात, काहींचे आडवे जातात, काहींचे भोवऱ्यासारखे. दोन दिवसांची खुंटं वाढली की बोटं चारही दिशांना फिरवून कल ओळखा आणि कागदावर चेहरा काढून बाण मारून ठेवा. हनुवटी आणि ओठावरची जागा सर्वात शेवटी. हनुवटीवर केस राठ असतात आणि वळणामुळे कोन दर अर्ध्या इंचाला बदलतो, म्हणून तिथे पात्याचा मधला अर्धा इंचच वापरा. उलटी दाढी पहिला महिना नको. डावा गाल डाव्या हाताने करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. उजव्याने करायला गेलात तर हात तोंडासमोर येऊन आरसाच झाकतो.

चुकांची लक्षणं ओळखता आली की निम्मं काम होतं. गालभर लाली आणि जळजळ असेल तर कोन उभा आहे किंवा दाब आहे. केस ओढतो पण कातडी लाल नाही, तर धार गेली आहे किंवा कोन फारच सपाट आहे. एकाच जागी बारीक ठिपक्यांसारखं रक्त येत असेल तर तिथे फेस नसताना दुसरा हात फिरवला. सरळ रेघ उमटली तर पातं आडवं सरकलं. दाढीनंतर ओली तुरटी फिरवा. जिथे झोंबते तिथे आज चूक झाली, इतका नेमका हिशोब दुसरं काही देत नाही.

दोन अपघात कायम होतात. पातं धुताना नळाला लागतं आणि धारेला कपरा पडतो. त्यापेक्षा ओल्या फडक्यावर कण्याच्या दिशेने पुसा. आणि वस्तरा हातातून सुटला की तो झेलायचा नाही. पाय मागे घ्या, पडू द्या. पातं दुरुस्त होतं किंवा नवं येतं.

सहाणेचं काम पहिले सहा महिने शिकू नका, हा आमचा आग्रह आहे. चांगली धार गालावर ओळखू येत नाही तोवर आपण लावलेली धार बरी की वाईट हे कळणार नाही. या वस्तऱ्याचा कणा आणि रुंदी मिळून धारेचा कोन साधारण १६ अंशांचा बसतो, कारण घासताना कणाही दगडावर टेकलेला असतो. म्हणजे कोन हाताने धरावा लागत नाही, पण दाब असमान पडला तर कणा एका बाजूला झिजतो आणि ती झीज भरून येत नाही. पूर्ण धार लावायची म्हणजे १००० च्या दगडावर पाया, मग ४०००, ८००० आणि शेवटी १२००० (आकडा मोठा तितका दगडाचा कण बारीक). रोज दाढी करणाऱ्याला नुसतं ताजंतवानं करणं दोन-तीन महिन्यांनी लागतं: १२००० वर दहा-पंधरा हलके फेरे, किंवा क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या वेगळ्या कापडी पट्ट्यावर तेवढेच. ही हिरवी पूड चामड्याच्या रोजच्या पट्ट्यावर लावू नका, ती निघत नाही. आणि दारावर सायकल घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा देऊ नका. विळी-कात्रीसाठी त्याचं चाक उत्तम, पण इतकं पातळ पातं त्यावर तापून पोलादाचं पाणी उतरतं आणि वस्तरा कायमचा जातो.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कार्बन पोलादाची परीक्षा असते. दाढीनंतर पातं आणि मान टिश्यूने कोरडी करा, खिळीजवळची फटही. कापडी पट्ट्यावर दहा फेरे, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने दोन्ही बाजूंना. खोबरेल चालत नाही असं नाही, पण ते हळूहळू चिकट होतं आणि थंडीत थिजतं. वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका, आणि चामड्याच्या म्यानातही नाही, कारण चामडं दमटपणा धरून ठेवतं.

पर्याय विचारात घ्यायचे तर तीन. अर्ध्या ब्लेडचा सलूनवाला वस्तरा काही शे रुपयांत मिळतो, पट्टा नको, सहाण नको. पण ब्लेडची धार फार तीक्ष्ण आणि पातं ताठ, त्यामुळे चूक खपवून घेत नाही. त्यावर शिकलेला हात अखंड पात्यावर चालतो, हे मान्य, मात्र ‘आधी हे, मग ते’ अशी पायरी लागतेच असं नाही. दुसरा चिनी गोल्ड डॉलर ६६. पोलाद वाईट नाही, किंमत डोव्होच्या पासंगालाही नाही. डोव्हो शंभर युरोंच्या पुढे जातो, वर आयात शुल्क. पण ६६ च्या टाचेजवळचा जाड भाग दगडावर चढतो आणि धार टाचेपासून उचलली जाते. तो घासून काढल्याशिवाय धार नीट बसत नाही. ते करून देणारा मित्र असेल तरच घ्या, आणि असा मित्र असेल तर जरूर घ्या.

तिसरा पर्याय जुना वस्तरा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जर्मन किंवा इंग्लंडातल्या शेफील्डचा वस्तरा दिसला तर पाच गोष्टी बघा. धार बाहेर फुगलेली किंवा सरळ हवी, आत वळलेली नको. कण्याची झीज दोन्ही बाजूंना सारखी हवी. गंजाचे खड्डे धारेपासून लांब असले तर चालतील. नखाने टिचकी मारल्यावर स्वच्छ नाद आला पाहिजे, बद्द आवाज म्हणजे तडा. मूठ सेल्युलॉइडची (एक जुनं प्लास्टिक) असेल आणि तिच्या लगतचं पातं जास्त गंजलेलं असेल तर सोडून द्या, कारण जुनं सेल्युलॉइड कुजताना वाफ सोडतं आणि शेजारी ठेवलेले चांगले वस्तरेही त्याने गंजतात.